नावाड्याचं बोलावणं

झगाझीगच्या मुलींच्या सरकारी शाळेत अडतीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवलेल्या इन्शिराहबाई आयुष्यात दोघांपुढेच हरल्या. पहिले शिक्षणखात्याचे एक तपासनीस आणि दुसरी त्यांची स्वतःची नात. तपासनिसांची गोष्ट जुनी आहे, ती पुढे येईल. नात वीस महिन्यांची होती आणि तिचं नाव जूदी. बाईंना ते नाव पहिल्या दिवसापासून खटकत होतं, पण जावई हातिम म्हणाला की कुराणात आहे, नूहची नौका पुराच्या शेवटी ज्या डोंगराला टेकली तो जूदी.

"म्हणजे टेकायची जागा," बाई म्हणाल्या. "आणि ही पोरगी जन्मल्यापासून एका जागी टेकलेली कुणी पाहिली असेल तर मला दाखवा."

बाईंचा दरारा मोठा होता. पन्नास मुलींचा वर्ग त्या एका भुवईवर चालवायच्या. फळा पुसायचं फडकं घरी नेऊन स्वतः धुवायच्या, कारण शिपाई धुतो ते धुणं नव्हे असं त्यांचं मत होतं. नवरा पोस्टात होता, भला माणूस, मुलगी नेवीन कॉलेजात असताना गेला. त्यानंतर बाईंनी नेवीनला औषधशास्त्राची पदवी मिळवून दिली, तिचं लग्न लावलं आणि साठ वर्षं भरताच निवृत्त झाल्या. या सगळ्यात त्यांचा प्रवास झाला तो एवढाच: लेकीकडे कैरोला, आणि एकदा अलेक्झांड्रियाला, तेही कुणाच्या तरी मयतीला.

पण गावात त्यांची ओळख वेगळीच होती. ‘फिले पाहिलेल्या बाई’.

पाचवीच्या पुस्तकात फिलेच्या देवळाचा धडा होता. अस्वानच्या धरणाच्या पाण्यात हे देऊळ वर्षातले कितीतरी महिने कमरेपर्यंत बुडालेलं असायचं. मग ते दगड दगड सोडवून, दगडांवर आकडे घालून, शेजारच्या उंच बेटावर पुन्हा रचलं. धड्याबरोबर काडेपेटीएवढं काळंपांढरं चित्र होतं. १९८७ साली बाई हा धडा शिकवत होत्या, मागच्या बाकावर ते तपासनीस वही उघडून बसले होते, आणि नेमकं तेव्हाच पुढच्या बाकावरच्या एका शहाणीनं विचारलं, "बाई, तुम्ही पाहिलंय?"

बाईंनी मागे पाहिलं. तपासनिसांचं पेन थांबलं होतं.

"पाहिलंय ना," बाई म्हणाल्या. आणि एकदा तोंड उघडल्यावर ते मिटेना. होडी एक वळण घेते आणि देऊळ एकदम समोर येतं. भिंतींवर जुन्या पाण्याची रेघ अजून दिसते, माझ्या खांद्याइतकी उंच. दगडाला हात लावला तर गार लागतो. तपासनिसांनी शेऱ्यात लिहिलं, ‘शिक्षिका स्वानुभवातून शिकवतात.’ त्या शेऱ्यावर बढती मिळाली. मग दरवर्षी तो धडा आला, दरवर्षी वर्ग आधीच्या मुलींकडून ऐकून वाट पाहत बसलेला असायचा, आणि दरवर्षी बाई वळण, रेघ आणि गार दगड सांगत राहिल्या. नेवीनही त्याच शाळेत, त्याच वर्गात बसली होती. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं फिलेची मोठी रंगीत तसबीर भेट दिली. खाली लिहिलं होतं, ‘आम्हाला तिथे नेणाऱ्या बाईंना.’ ती तसबीर बाईंनी दिवाणखान्यात लावली आणि तिच्याकडे पाठ येईल अशी खुर्ची फिरवून घेतली.

खरं एवढंच की देऊळ नव्या बेटावर उघडलं त्याच वर्षी शिक्षक-विद्यालयाची सहल तिकडे गेली होती. बाई गेल्या नव्हत्या. आई बाळंत झाली होती आणि दोन वर्षांच्या भावाला सांभाळायला घरी कुणीतरी हवं होतं.

म्हणून निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात नेवीनचा फोन आला, "आई, शाळांच्या सुट्टीत आम्ही जहाजानं लक्सर ते अस्वान जातोय, चार रात्री, तू पण चल," तेव्हा बाईंची नजर पाठीमागच्या तसबिरीकडे गेली. पण त्या एकदम हो कशा म्हणतील? आमच्याकडे एक प्रकार आहे. नदीतून होडी जात असते, नावाडी जेवायला बसलेला असतो आणि काठावरच्या माणसाला तो हात करून ओरडतो, या जेवायला. काठावरचा पाण्यावरून चालत येणार नाही हे दोघांनाही ठाऊक असतं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. त्याला म्हणतात नावाड्याचं बोलावणं.

"नेवीन, हे नावाड्याचं बोलावणं तर नाही?" बाईंनी विचारलं.

"नाही गं आई, तिकीट काढलंय तुझं."

बाईंनी दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा हो म्हटलं. ही रीत. पहिल्यांदा म्हणतात ते सभ्यता म्हणून, दुसऱ्यांदा आग्रह म्हणून, तिसऱ्यांदा जे म्हटलं जातं ते खरं धरायचं. अख्खा देश यावर चालतो. तिकीट काढण्यामागे लेक-जावयाच्या मनात काय होतं ते मात्र ताकाला जाऊन भांडं लपवण्यातलं होतं, आणि ते बाईंना जहाजावर चढल्यावर दोन तासांत कळलं.

जहाजं लक्सरच्या धक्क्याला एकाला एक चिकटून पाच-पाच उभी राहतात, आणि आपलं जहाज हटकून पाचवं असतं. म्हणजे चार परक्या जहाजांच्या दिवाणखान्यांतून आरपार जायचं. बाबागाडी त्या फळ्यांवरून जाईना, म्हणून जूदी बाईंच्या कडेवर आली. प्रत्येक दिवाणखान्यात स्वागताला कर्कदेच्या फुलांच्या लाल सरबताचा ट्रे घेऊन कुणीतरी उभं, आणि प्रत्येक ट्रेत जूदीचा हात. पाचव्या जहाजावर पोचेस्तोवर बाईंचा नवा बिस्किटी कोट गुलाबी झाला होता.

"केवढी गोड आहे," तिथली स्वागताची मुलगी म्हणाली.

"हो, अंगभर लागलीय," बाई म्हणाल्या.

दुपारी कर्नाकला जायचं होतं आणि जूदी झोपली होती. नेवीन बूट घालत होती, हातिमनं कॅमेरा गळ्यात अडकवला होता. बाई सभ्यता म्हणून म्हणाल्या, "तुम्ही जा, मी बसते हिच्यापाशी."

आता इथे रीत काय? नेवीननं म्हणायचं, छे छे, असं कसं. बाईंनी म्हणायचं, अगं जा तुम्ही. नेवीननं म्हणायचं, मुळीच नाही, मी थांबते, तू जा. आणि शेवटी सगळ्यांनी मिळून पोरीला उठवून न्यायचं.

"खरंच, आई?" नेवीन म्हणाली.

"अल्ला तुमच्या हाताला यश देवो, आई," हातिम म्हणाला, आणि हे तो दाराबाहेरून म्हणाला. सुंठेवाचून खोकला गेल्याचा आनंद त्याच्या चपलांच्या आवाजातही होता. नावाचा हातिम, पण दातृत्व सगळं सासूच्या खिशातून.

बाई बंद दाराकडे बघत राहिल्या. खरंच, असं कुणी विचारतं का? पिढ्यान्पिढ्यांच्या रीतीला पोरीनं एका शब्दात सुरुंग लावला होता. दार लागल्याच्या आवाजानं जूदी उठली, तिनं आई कुठे दिसते का पाहिलं आणि भोकाड पसरलं. ते सव्वा तास चाललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीपलीकडची थडगी होती. जूदीचं पोट बिघडलं होतं. जहाजावर जेवणाच्या टेबलांवर बोकडापासून बाकलाव्यापर्यंत सगळं मांडलेलं, पण तिला हवं होतं शोभेसाठी लोण्याचं कोरलेलं बदक. ते तिनं मानेपर्यंत खाल्लं होतं. बाई पुन्हा थांबल्या. या वेळी त्यांनी सभ्यतेचं वाक्य उच्चारलंही नव्हतं, पण नेवीन म्हणाली, "कालच्यासारखं, ना आई?" भीड ही भिकेची बहीण, हे बाईंनी हजार मुलींना फळ्यावर लिहून दाखवलं होतं. त्या म्हणाल्या, "हो, जा."

त्या दुपारी खोली आवरणाऱ्यानं प्रेमानं एक उद्योग केला. टॉवेल दुमडून, पिळून त्यानं पलंगावर मोठी मगर बनवली आणि तिच्या नाकावर बाईंचा चष्मा चढवला. पाहुण्यांच्या मुलांना हे फार आवडतं म्हणे. जूदीनं दारातून मगर पाहिली, तिच्या नाकावर आजीचा चष्मा पाहिला आणि तिची पक्की समजूत झाली की मगरीनं आधी एक आजी खाल्ली आहे. त्यानंतर ती खोलीत पाय टाकेना. मगर उलगडून टॉवेल केला, टॉवेल दाखवला, बाईंनी त्यानं तोंड पुसून दाखवलं. उपयोग शून्य. आता टॉवेलही बाद झाला. अंघोळ बाद झाली. तिला भाषेतला एकच शब्द स्वच्छ यायचा, तो ती म्हणाली, "नाई."

म्हणून बाई उरलेला दिवस वरच्या डेकवर. कठड्याच्या गजांमधून जूदीचं डोकं आरामात जाईल एवढी जागा होती. बाईंनी झग्याचा पट्टा काढला, एक टोक पोरीच्या कमरेला आणि दुसरं स्वतःच्या मनगटाला बांधलं. शेजारच्या आरामखुर्च्यांवरच्या परदेशी बायका पुस्तकं खाली करून बघायला लागल्या. बघा, बाई मनात म्हणाल्या, तुमचं काय जातंय, तुमच्याबरोबर नवरा नावाचं शांत मूल आहे.

संध्याकाळी एस्नाच्या बंधाऱ्यापाशी जहाज थांबलं. तिथे फेरीवाले लहान होड्या घेऊन जहाजाला चिकटतात आणि खालूनच माल वर फेकतात. पिशवीत घातलेला टेबलक्लॉथ, झगा, शाल, सगळं तीन मजले उंच डेकवर येऊन पडतं. पटलं तर पैसे त्याच पिशवीतून खाली टाकायचे, नाही पटलं तर माल. जूदीनं पाच मिनिटं हे निरखून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मोठी माणसं तिच्या अकलेनं वागत होती. तिनं एक बूट काढला आणि खाली टाकला.

"हाज्जा, एका बुटाचं काय करू?" खालून फेरीवाला ओरडला. वयस्कर बाईला इथे सगळे हाज्जाच म्हणतात.

"परत फेक बाबा."

बूट परत आला, सोबत एक शाल आली. जूदीनं शाल ठेवून घेतली आणि दुसरा बूट टाकला. मग रुमाल. मग दुधाची बाटली, तीच एक बाटली जिच्यातून ती दूध पीत असे. बाटली होडीत पडली नाही, पाण्यात पडली आणि झाकण वर करून शांतपणे परत लक्सरकडे निघून गेली. जूदीला आपण काय केलं ते तेव्हा कळलं. तिचा टाहो ऐकून फेरीवाल्यानं हात जोडले.

नेवीन आणि हातिम तेव्हा खालच्या मजल्यावर मालिश करून घेत होते. हे बाईंना नंतर कळलं, आणि नंतर कळलं तेच बरं झालं.

तिसऱ्या दिवशी एडफूला घोडागाडीतून जायचं होतं, ती जूदीच्या एका शिंकेत गेली. मग कोम ओंबो आलं. तिथे देवळाशेजारी जुन्या मगरींची कलेवरं मांडून ठेवली आहेत. त्याचं चित्र दुरून पाहूनच जूदीनं बाईंच्या मानेला मिठी मारली. देऊळ जहाजाच्या कठड्यावरून दिसत होतं, एवढं की माणसांच्या टोप्या मोजता याव्यात. बाई कठड्याला टेकून बघत राहिल्या, मनगटाला पट्टा, पट्ट्याला नात, नातीच्या तोंडात पट्टा.

गाईडनं पहिल्याच दिवशी सगळी तिकिटं वाटून टाकली होती. बाईंच्या पर्समध्ये कर्नाक, थडगी, एडफू, कोम ओंबो अशी न फाटलेली तिकिटं साठत गेली. त्यांनी मनाशी एकच हिशेब ठेवला होता. जाऊ दे. ही सगळी गेली तरी चालतील. मला या देवळांचं काही देणं नाही. मी खोटं बोलले ते एका देवळाबद्दल. शेवटच्या दिवशी फिले आहे. त्या दिवशी मी कुणालाही जा म्हणणार नाही. सभ्यतेनंसुद्धा नाही. तोंडात पाणी धरून बसेन.

चौथ्या दिवशी सकाळी अस्वानला बसमधून ते होड्यांच्या धक्क्यावर उतरले. बेटावर जायला तिथून मोटारहोड्या सुटतात. बाईंनी धुतलेला कोट घातला होता, गुलाबी डाग ब्रोचखाली लपवला होता, आणि खरोखर ओठ घट्ट मिटले होते. जूदी बाबागाडीत होती. ऊन चढत होतं.

"आई," नेवीन म्हणाली, "तू त्या झाडाखाली बस हिला घेऊन. बेटावर सावली नाही, आणि हिचं अंग जरा कोमट लागतंय. तू काय, फिले पाहिलेलंच आहेस."

बाईंचे ओठ उघडले आणि तसेच राहिले.

नेवीन गाईडकडे वळून अभिमानानं सांगत होती, "आमच्या आईनं देऊळ उघडलं त्याच वर्षी पाहिलंय. मला तर तोंडपाठ आहे. वळण, पाण्याची रेघ, गार दगड. आज बघूच, सगळं जिथल्या तिथे आहे का."

"मग बाई, आम्हीच तुमच्याकडून शिकायचं," गाईड आदबीनं म्हणाला.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. तो बसला. तेहतीस वर्षं ज्याच्यावर मान ताठ ठेवली, त्यानंच आज पाय धरून ठेवले. नाही म्हणायचं तर गाईडसमोर, जावयासमोर, आणि पाचवीतल्या मुलीसारख्या बघणाऱ्या लेकीसमोर म्हणायचं. बाई म्हणाल्या, "बसते." होडी भरली, हातिमनं होडीतून दोघींचा फोटो काढला आणि ती खडकांमागे गेली.

बाई झाडाखालच्या बाकावर बसल्या. रडू येत होतं, पण ते त्यांनी रागानं गिळलं. वीस वर्षांची असताना एका धाकट्या भावामुळे राहिलं, आता या भवानीमुळे. मधली चाळीस वर्षं काय केलं? दुसऱ्यांच्या पोरी सांभाळल्या. जूदीनं बाबागाडीतून हात वर करून सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं, "नाई!" तिला बसायचं नव्हतं.

"तुला तरी म्हणता येतं," बाई तिला म्हणाल्या, आणि तिला उचलून धक्क्यावर फिरू लागल्या.

धक्क्याला रिकाम्या होड्यांची रांग लागली होती. एका होडीत म्हातारा नावाडी जेवायला बसला होता, काळासावळा, पांढऱ्या पागोट्याचा, समोर वर्तमानपत्रावर भाकरी, जुनं खारवलेलं चीज, टोमॅटो, कांद्याची पात. दुसरे नावाडी काठावर चहा पीत होते, तेही बघत होते. पोर कडेवर घेतलेली म्हातारी बाई समोरून जाते म्हटल्यावर त्यानं कुणीही भला माणूस करेल तेच केलं. हात भाकरीकडे केला आणि चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "या हाज्जा, जेवायला या. तुमचंच आहे."

बाई थांबल्या. उत्तर काय द्यायचं ते दोन वर्षांचं पोरही सांगेल. तुमच्या हातांना बरकत, पोटभर जेवा, आमचं झालं. म्हणायचं आणि पुढे जायचं.

"आले," बाई म्हणाल्या.

नावाड्याचा घास हातात राहिला.

"धरा हिला," बाईंनी जूदी त्याच्या मांडीवर दिली, कोट सावरला आणि फळीवरून होडीत उतरून त्याच्यासमोर बसल्या. भाकरीचा तुकडा मोडला, चीज लावलं आणि खाल्लं. "मीठ जरा जास्त आहे. पण छान आहे."

काठावर एकानं चहाचा फवारा उडवला. "अम शाझली," काकाला मारावी तशी हाक मारत दुसरा ओरडला, "पाहुणे आले, आता चहा टाक."

"नाव शाझली का तुमचं?" बाई म्हणाल्या. "मी इन्शिराह. झगाझीगहून आले. ही जूदी. हिला टोमॅटो चालतो."

जूदीनं तीन दिवसांत लोण्याच्या बदकाखेरीज काहीही धड खाल्लं नव्हतं. तिनं शाझलीच्या हातातून टोमॅटो घेतला, त्याच्या पागोट्याचं टोक ओढलं, पुन्हा टोमॅटो खाल्ला. शाझली तिच्याकडे आणि बाईंकडे आळीपाळीनं बघत होता. चाळीस वर्षं तो लोकांना जेवायला बोलावत होता आणि आज पहिल्यांदा कुणीतरी आलं होतं.

"हाज्जा," तो हळूच म्हणाला, "तुमची माणसं?"

"पलीकडे गेली. आणि मलाही जायचंय."

"मग दुसरी होडी बघा. माझा नंबर अकरा होड्यांनंतर. इथे नंबरानं चालतं. मध्येच होडी सोडली तर हे लोक माझं पागोटं पाण्यात टाकतील."

"मी होडी मागितलीच नाही," बाई म्हणाल्या, त्याच आवाजात ज्या आवाजात त्या गृहपाठ न आणणाऱ्याशी बोलत. "मी जेवायला आले. तुम्ही बोलावलंत, चार माणसांनी ऐकलं. आता जेवण होडीत आहे, आणि होडी कुठे उभी करून जेवायचं हे घरधन्यानं ठरवायचं. मी पाहुणी. मी काय बोलणार?"

काठावर हसण्याचा गदारोळ झाला. सगळ्यांत जाड नावाडी, बहुधा रांगेचा म्होरक्या, गुडघ्यावर हात टेकून उठला.

"शाझली, भाकरी-मीठ झालंय आता. पाहुण्याला नंबर नसतो. ने त्यांना."

"आणि जेवण?"

"ने जेवत जेवत."

असं अम शाझलीनं एका हातात कांद्याची पात आणि एका हातात सुकाणू घेऊन होडी सोडली. जूदी आजीच्या मांडीवर, कमरेला पट्टा. ती रडत नव्हती. पाण्याकडे बघून तिनं बूट काढला, आजीकडे पाहिलं, आणि आजीच्या भुवईकडे पाहून परत पायात घालायचा प्रयत्न केला. अडतीस वर्षांत त्या भुवईनं केलेलं हे शेवटचं आणि सगळ्यांत अवघड काम.

खडकांपाशी होडी वळली. आणि ते एकदम समोर आलं.

वळण खरं होतं. बाईंनी ते कधी ऐकलं होतं, की सुचलं होतं, की सहलीला गेलेल्या मैत्रिणींपैकी कुणी सांगितलं होतं, ते त्यांना आता आठवेना. त्यांना रडू आलं आणि या वेळी त्यांनी ते गिळलं नाही. शाझली पाठ फिरवून बसला आणि उगाचच यंत्राशी खुडबुड करू लागला. बेटाच्या पायऱ्यांशी बाईंनी पर्स उघडली तेव्हा तो म्हणाला, असू द्या, आमच्याकडून. पुन्हा म्हणाला, असू द्या. तिसऱ्यांदा त्यानं घेतले.

दारावर तिकीट फाटलं. ते फाटण्याचा आवाज बाईंना फार आवडला.

मोठ्या चौकात नेवीन दिसली. तिनं आईला पाहिलं, कडेवर लेक पाहिली, टोमॅटोनं माखलेला कोट पाहिला आणि धावत आली. मागून हातिमही आला.

"आई! अगं कशी आलीस? कशाला एवढा त्रास घेतलास? दे, तिला माझ्याकडे दे."

ही सभ्यता होती. नेवीनचे हात पुढेही आले नव्हते. रीतीप्रमाणे बाईंनी म्हणायचं, असू दे गं, मला काय जड आहे.

"घे," बाई म्हणाल्या. मनगटाचा पट्टा सोडला, टोक लेकीच्या मनगटाला बांधलं, गाठ घट्ट केली आणि जूदी तिच्या हातात दिली.

जूदीनं आजीसाठी टाहो फोडला, "तेता!" तिला तीनदा म्हणायची रीत ठाऊक नव्हती. ती पहिल्याच वेळी खरं बोलायची. सगळा चौक वळून बघायला लागला.

"आई, थांब ना जरा," नेवीन कावरीबावरी झाली. "आम्ही अजून आतलं बघितलं नाही. तू तर..."

"मी पाहिलेलं नाही, नेवीन."

"काय पाहिलेलं नाही?"

"फिले. मी इथे कधी आलेच नाही. सहल गेली, मी घरी तुझ्या मामाला सांभाळत होते. वर्गात सांगितलं ते सगळं खोटं. तुलाही सांगितलं ते खोटं."

हातिम कॅमेऱ्याचं झाकण लावायला लागला, जे आधीच लावलेलं होतं. आधी नेवीनचा चेहरा रागाचा झाला, मग मनात काहीतरी मोजल्यासारखा, चार दिवस आणि चार तिकिटं, आणि मग तो लाल होत गेला.

"पण ती पाण्याची रेघ?" ती शेवटी म्हणाली.

"तीच बघायला चाललेय."

बाई वळल्या आणि भिंतीकडे चालू लागल्या. मागे जूदी ओरडत होती, नेवीन तिला काहीतरी समजावत होती, आणि बाईंना दोन्ही आवाज ऐकू येत होते. त्या थांबल्या नाहीत. रेघ होती. पण खांद्याइतकी नाही, त्यांच्या डोक्याच्याही खूप वर होती. हात उंच केला तरी पोचला नसता. म्हणजे त्यांनी पाणीसुद्धा कमी सांगितलं होतं. त्यांनी तळहात दगडावर ठेवला.

ओरडणं जवळ आलं. नेवीन लेकीला घेऊन पाच पावलांवर येऊन उभी राहिली होती, त्याहून पुढे येत नव्हती. वर्गात हात वर करायची तशी तिनं मान किंचित पुढे केली.

"गार आहे का, आई?"

"नाही," इन्शिराहबाई म्हणाल्या. "चांगला तापलाय. मी पहिल्यांदाच हात लावतेय."